कॅमेरा आणि गल्ला

विजयादशमीच्या सकाळी सदाशिव पेठेतून सहज चक्कर मारली, तर दारोदारी एक देखणा सोहळा दिसतो. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींपुढे मोटारी न्हाऊन-माखून उभ्या असतात. पुढच्या भागावर कुंकवाचे स्वस्तिक काढलेले, आरशांना झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू आणि शेजारी नारळ घेऊन उभे असलेले यजमान. या सोहळ्यात अलीकडे एका नव्या मानकऱ्याची भर पडली आहे. गळ्यात कॅमेरा अडकवलेला विशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी फुटपाथवर गुडघे टेकून बसते, एक डोळा मिटते आणि मोटारीची छबी टिपते. घरची माणसे म्हणतात, “आमचाही एक काढ ना!” तो काढतोही, पण त्याचे सारे चित्त असते त्या मोटारीच्या वळणदार पत्र्यावर पडलेल्या उजेडात.

या मुलांना मोटारींची छायाचित्रे काढण्याचाच व्यवसाय करायचा असतो. घरात अर्थातच प्रश्न निघतो, “अरे, फोटो काढून पोट भरते का?” त्या प्रश्नाला उत्तर म्हणून मुलगा कॅमेरा घेऊन बाहेर पडतो तो पेठेतल्या दुकानांच्या पायऱ्या चढायला. जुन्या मोटारींचा विक्रेता, लग्नाच्या वरातीसाठी गाड्या भाड्याने देणारा, गॅरेजवाला, मोटारींना चकाकी आणून देणारा, गाड्यांचे सामान विकणारा, अशा एकेकाच्या दारात तो उभा राहतो. आणि तेथे त्याला जे अनुभव येतात, ते आपल्यावरच आले असे त्याला वाटते. प्रत्यक्षात महाराष्ट्रात कॅमेरा घेऊन दुकानाची पायरी चढण्याचा हा प्रकार दीडशे वर्षांहून जुना आहे. आपल्याकडे कलेच्या इतिहासात राजाश्रयाचे कौतुक फार. गाण्याला दरबार मिळाला, चित्राला संस्थान मिळाले, हे खरेच. परंतु कॅमेऱ्याचा संसार चालला तो मुख्यतः पेठेतल्या गल्ल्यावर. त्या संसाराची ही थोडीशी हकीकत.

मुंबईत छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. युरोपात या कलेचा जाहीर जन्म होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. या सोसायटीत साहेबलोकांचा भरणा मोठा, पण डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोकही तिच्यात होते. त्यांच्या दृष्टीने छायाचित्रण हा विद्वानाचा छंद होता. दिवसा रोग्यांची नाडी पाहावी आणि सवड मिळताच काचेवर रसायने ओतावीत, अशा थाटाचा. पोटासाठी कॅमेरा हाती धरणारे लोक त्यांच्या पाठोपाठ आले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गात शिकून पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटणारे हरिश्चंद्र चिंतामण हे आरंभीच्या हिंदी व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक.

या पहिल्या पिढीकडे विकायला होता तो गिऱ्हाइकाचाच चेहरा. दुसरा माल काय असणार? त्या काळी काच ओली असतानाच तिच्यावर प्रतिमा घ्यावी लागे आणि ती ओली असतानाच धुवावी लागे. उजेड पडू देण्याचा अवधी इतका लांब, की माणसाने मान हलवली तर चित्रात दोन नाके! म्हणून खुर्चीच्या पाठीमागे लोखंडी आधार लावून गिऱ्हाइकाची मान स्थिर करीत. अशा साधनांनी धावते जग टिपण्याची गोष्टच नको. १८८० च्या सुमारास कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या, तेव्हा कोठे छायाचित्रकार आपला अंधाऱ्या खोलीचा संसार मागे ठेवून मोकळेपणाने रस्त्यावर आला.

रस्त्यावर आला खरा, पण त्याला बोलावले कोणी? येथून आपल्या कथेचा नायक पुढे येतो. धुंडिराज गोविंद फाळके म्हणजे दादासाहेब फाळके हे नाव आपण चित्रपटाचे जनक म्हणून घेतो. चित्रपटाच्या आधी वीस वर्षे हा माणूस कॅमेरा घेऊन गिऱ्हाइकांची दारे ठोठावीत होता, याची आठवण मात्र फारशी कोणाला नसते.

फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरी, १८७० साली. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांचा त्यांच्यावर लोभ. त्यांच्याच प्रोत्साहनाने फाळके रतलामला जाऊन तीन रंगांचे ठसे बनविण्याचे तंत्र शिकून आले. पुढे त्यांनी गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून दुकान मांडले. शतकाच्या अखेरीस प्लेग आला आणि त्यांची पत्नी व मूल घेऊन गेला. फाळके बडोद्याला परतले आणि पुन्हा व्यवसाय मांडून बसले. तेथे दुसरेच विघ्न उभे राहिले. कॅमेरा माणसाचे सत्त्व शोषून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटते, अशी लोकांची समजूत! मालच असा, की तो घेतला तर गिऱ्हाइकाला मरणाचे भय. दुकान चालावे कसे?

या अपयशातून फाळके जे शिकले, ते आजच्या मोटारवेड्या मुलानेही गाठीला बांधावे. गिऱ्हाइकाला त्याचा चेहरा नको असेल, तर तो त्याच्या गळ्यात मारू नये. त्याला काय हवे ते पाहावे. फाळके नाटकांचे पडदे रंगवू लागले, पुराणवस्तु-संशोधन खात्यात नकाशे काढण्याचे आणि छायाचित्रणाचे काम करू लागले. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात त्यांनी ती सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला. पुढे तो मुंबईला हलला. छायाचित्र होतेच, पण आता ते छापील कागदावरून लोकांच्या घरी जाऊ लागले. भागीदारांशी पटेना, म्हणून तोही धंदा त्यांनी सोडला. चाळिशी उलटलेली, हातात पैसा नाही, पदरी संसार. आणि अशा वेळी १९११ साली गिरगावात तंबूतल्या पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र पाहून या गृहस्थाच्या डोक्यात चलच्चित्रांचे वेड शिरले.

यापुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे; परंतु तिच्यातला व्यवहाराचा भाग पाहण्यासारखा आहे. फाळक्यांनी आपली विम्याची पॉलिसी तारण ठेवून पैसे उभे केले आणि १९१२ च्या आरंभी ते इंग्लंडला गेले. तेथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन एप्रिलमध्ये परतले. आता चित्रपट काढायचा तर मोठे भांडवल हवे. ते देणार कोण? ज्यांनी हलते चित्र पाहिलेले, पण ‘येथे, आपल्या माणसाच्या हातून’ ते होईल यावर ज्यांचा विश्वास नाही, अशा व्यापाऱ्यांपुढे नुसते बोलून काय होणार! तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले. कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडेथोडे चित्रण केले. सगळे मिळून पडद्यावर मिनिटभर चालेल एवढाच ऐवज. पण त्या मिनिटभरात माती फुटते, अंकुर वर येतो, वाढतो, त्याचा वेल होतो! ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही चित्रफीत त्यांनी निवडक लोकांना दाखविली. पाहणाऱ्यांत यशवंतराव नाडकर्णी होते. त्यांचा धंदा छायाचित्रणाच्या सामानाचा. ते आणि नारायणराव देवहरे यांच्यासारखे लोक ती पाहून थक्क झाले, आणि कर्जाची वाट मोकळी झाली. सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

कुंडीतल्या त्या वाटाण्यात तीन गोष्टी आहेत. पहिली ही, की फाळक्यांनी आधी दाखविले आणि मग मागितले. दुसरी, दाखविले ते थोडेच. मिनिटभर, पण असे की पाहणाऱ्याने ते पूर्वी कधी पाहिलेले नाही. रोज अंगणात उगवणारा वाटाणा कॅमेऱ्याने जणू नव्याने निर्माण केला. तिसरी गोष्ट दार निवडण्याची. जो माणूस कॅमेऱ्याच्या सामानाचा व्यापार करतो, त्याला ही करामत किती अवघड आहे हे सांगावे लागत नाही. सदाशिव पेठेतल्या मुलाने जुन्या मोटारींच्या विक्रेत्याकडे समुद्रकिनाऱ्यावरच्या सूर्यास्ताची पन्नास छायाचित्रे नेली, तर तो विक्रेता सभ्यपणे “छान आहेत हो” म्हणेल आणि चहाही पाजील. काम मात्र देणार नाही. त्याच्याच दारात धूळ खात उभ्या असलेल्या गाडीचे एकच छायाचित्र असे काढून नेले, की ती त्यालाच विकत घ्यावीशी वाटावी, तर ते वाटाण्याचे रोप झाले.

आता मोटारीकडे वळू. फाळके गोध्र्याच्या दुकानात चेहरे टिपीत होते, त्याच सुमारास, १८९८ च्या आसपास, मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या. आरंभीच्या मालकांत जमशेटजी टाटांचे नाव येते. मोटार आली आणि तिच्याबरोबर मोटारीचे छायाचित्रही आले, पण कोणते? मालकाचे! संस्थानिक, बॅरिस्टर, डॉक्टर मोटारीत किंवा मोटारीशेजारी उभे राहून छबी काढवून घेत. आधी घोड्यावर हात ठेवून उभे राहात, तसे आता मोटारीवर. मोटार ही त्या चित्रात दागिन्यासारखी. दागिन्याचे स्वतंत्र चित्र काढावे असे कोणाला वाटत नव्हते.

त्यातून जुन्या काचांना रंगांचे ज्ञान बेताचेच होते. निळा रंग त्यांना पांढरट दिसे आणि तांबडा काळा. म्हणजे मालकाने हौसेने लाल मोटार घ्यावी, आणि छायाचित्रात ती कोळशासारखी काळी यावी! सर्व रंगांची उजळ-अंधारी पायरी नीट ओळखणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या १९०६ च्या सुमारास, आणि सर्रास वापरात यायला आणखी काळ गेला.

१९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईला शिवडीत मोटारी जोडण्याचा कारखाना काढला आणि त्यामागोमाग फोर्ड कंपनीही मुंबईत आली. मोटारी येथे जोडल्या जाऊ लागल्या. जाहिरातींची चित्रे मात्र पुष्कळदा परदेशातून तयार येत, आणि ती बहुधा कुंचल्याने काढलेली असत. मोटारीच्या बाबतीत कॅमेऱ्याचा वैरी होता तो चित्रकार. कॅमेरा जेवढी गाडी तेवढीच दाखवतो; चित्रकार तिला ताणून लांब करतो, खाली बसवतो, रुंद करतो. अमेरिकेत आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन या जोडीने १९५९ पासून बारा-तेरा वर्षे पॉन्टिअक गाड्यांच्या जाहिराती रंगविल्या, त्यांतल्या गाड्या प्रत्यक्षापेक्षा किती ऐसपैस दिसतात! छायाचित्रकाराला या मायेशी झुंजायचे होते.

चित्रकार आणि कारखानदार यांचे सख्य आपल्याकडेही होते, आणि त्याचे फार गोमटे उदाहरण किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बंधू रामुअण्णांसह १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्या दुकानातून पुढे लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांच्या घरातले शंकरराव किर्लोस्कर लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकले. पंडितजींचा वेदाभ्यास सर्वश्रुत आहे. पण त्यांचे लाहोरचे घर चालत असे ते चित्रकला आणि छायाचित्रणाच्या स्टुडिओवर. तेथून शिकून आलेले शंकरराव कारखान्याच्या जाहिराती पाहू लागले, आणि त्यातूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. नांगराच्या जाहिरातीपोटी एका मासिकाचा जन्म व्हावा, ही मराठी वाङ्मयाची मोठी मौज आहे. कलावंताला कारखान्याच्या दाराबाहेर ताटकळत न ठेवता आत खुर्ची दिली, की काय होते, त्याचा हा दाखला.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. आता तरी मोटारीच्या छायाचित्रकाराचे दिवस यावेत! पण झाले उलटेच. परवान्यांचे युग अवतरले. मोटारी थोड्या, मागणारे फार. नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. गिऱ्हाइकाची रांग दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत गेली असताना जाहिरात कोण कशाला करील? जेथे माल आपोआप खपतो तेथे छायाचित्रकार उपाशी राहतो, हा बाजाराचा नियम आहे. त्या काळात मुंबईत मित्तर बेदी यांनी लग्नसमारंभांच्या छायाचित्रणातून सुरुवात करून कारखान्यांच्या छायाचित्रणात मोठे नाव कमावले. पोलाद, तेल, यंत्रे हे त्यांचे विषय. देश कारखाने उभारीत होता आणि कारखान्यांना आपले रूप जगाला दाखवायचे होते. ज्याला दाखवायची गरज आहे, त्याच्याकडे बेदी गेले. मोटारीला ती गरज अजून पडायची होती.

ती पडली १९९१ नंतर, बाजार खुला झाल्यावर. पुण्याच्या परिसराने तर हे सारे जवळून पाहिले. पिंपरीला टेल्कोचा कारखाना पूर्वीपासून होता. तेथून १९९८ च्या अखेरीस ‘इंडिका’ लोकांपुढे आली. पुढे चाकणच्या माळावर परदेशी कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. रांग मोडली, आता मोटारच गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहून आर्जव करू लागली. आणि आर्जवाला देखणा चेहरा लागतो. कंपनीच्या मोठ्या जाहिराती मोठ्या शहरांतले नामांकित लोक करतात. पण कंपनीखाली विक्रेता, विक्रेत्याखाली जुन्या गाड्यांचा व्यापारी, त्याच्या शेजारी गॅरेज, अशी जी उतरंड आहे, तिच्यातल्या प्रत्येकाला आज आपल्या गाड्या फोनच्या पडद्यावर दाखवाव्या लागतात. पेठेतल्या मुलाला जागा आहे ती येथे.

जागा आहे म्हणून काम सोपे आहे असे नव्हे. मोटारीचे छायाचित्र म्हणजे खरे पाहता आरशाचे छायाचित्र. पत्रा चकचकीत, काच चकचकीत. त्यांत समोरची इमारत दिसते, विजेचा खांब दिसतो, कपडे वाळत घातलेली गॅलरी दिसते आणि कॅमेरा घेऊन वाकलेला छायाचित्रकारही दिसतो. सदाशिव पेठेतल्या अरुंद गल्लीत तर दोन्ही बाजूंची घरे गाडीच्या अंगावर चढून बसतात. जाणकार म्हणून दुपारच्या उन्हात गाडीला हात लावीत नाहीत. सूर्य मावळल्यावर जो पंधरावीस मिनिटांचा संधिप्रकाश असतो, तेव्हा सारे आकाश म्हणजे एक प्रचंड मऊ दिवा होतो आणि पत्र्याच्या प्रत्येक वळणावरून एकसंध रेघ वाहू लागते. पोलरायझर नावाची काच भिंगापुढे लावून फिरवली, की समोरच्या काचेवरची चमक मालवते आणि आतली आसने दिसू लागतात. फार जवळून रुंद भिंगाने टिपले तर गाडीचे नाक फुगते. चार पावले मागे सरून लांब पल्ल्याच्या भिंगाने टिपले तर तिचा बांधा प्रमाणात येतो. पुढची चाके किंचित वळवावीत, म्हणजे त्यांचा चेहरा दिसतो. ही विद्या हातात असेल तरच दुकानाची पायरी चढावी.

पायरी चढण्याचीही एक विद्या आहे, आणि पुण्यात ती जरा निराळी आहे. दुपारी एक ते चार या वेळात पेठेतल्या जुन्या वळणाच्या दुकानदाराकडे जाणारा माणूस परगावचा, असे समजावे. ही पथ्ये पाळून मुलगा गेला, तर सवाल-जवाब साधारण ठरलेलेच असतात.

“काका, तुमच्या गाड्यांचे फोटो काढून द्यायचे होते.”

“कोणाचा रे तू? राहतोस कुठे?”

कुळाची चौकशी संपली की दुसरा प्रश्न येतो, “आमच्याकडेही फोन आहे, त्यात फोटो निघतात. मग तू वेगळे काय करणार?” हा प्रश्न उर्मटपणाचा नाही. नाडकर्ण्यांनी फाळक्यांना मनातल्या मनात तोच विचारला असेल. त्याला तोंडाने उत्तर नसते. त्याला कुंडी दाखवावी लागते. आणि तिसरा प्रश्न, “पहिले काम फुकट करशील ना? नाव होईल तुझे!” येथे मात्र मुलाने सावध व्हावे. नमुना फुकट असतो, काम फुकट नसते. मिठाईवाला चव पाहायला एक तुकडा हातावर ठेवतो. किलोभर पेढे चवीसाठी देत नाही. दुकानदाराला हा हिशेब दुकानदाराच्याच भाषेत सांगितला तर तो रागावत नाही, उलट हसतो आणि पुढे बोलणी होतात.

बोलणी झाली की ती कागदावर उतरवावीत, आणि याला कायद्याचे बळकट कारण आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या छायाचित्राच्या हक्काचा पहिला मालक काम सांगणारा असतो, काढणारा नव्हे. कष्ट छायाचित्रकाराचे, नजर त्याची, आणि उद्या तेच चित्र आपल्या नावाने कोठे वापरायचे तर त्यालाच परवानगी मागावी लागणार! कायदा अन्यायी आहे असे नाही. तो फक्त न बोलणाऱ्याच्या बाजूने उभा राहात नाही. चित्रे किती, कोठे वापरणार, किती काळ, नाव घालणार की नाही, एवढे चार ओळींत लिहून दोघांनी सही केली, की पुढचा कलह टळतो.

हे सांगण्याचे कारण फाळक्यांच्याच चरित्राचा उत्तरार्ध. वाटाण्याच्या रोपाने त्यांना दार उघडून दिले, पण आतल्या खोलीत त्यांना कायमची जागा मिळाली नाही. १९१८ साली भागीदारांच्या भांडवलावर हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. कला फाळक्यांची, पैसा इतरांचा. खर्च किती करावा, चित्र कसे काढावे, यावरून खटके उडू लागले, आणि थोड्याच काळात फाळके सारे सोडून काशीला निघून गेले. पुढे ते परतले, कंपनीतही काम केले. पण पूर्वीचा स्वामी आता नोकरासारखा झाला होता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात त्यांचे देहावसान झाले, तेव्हा ज्या धंद्याचे त्यांनी बीज पेरले त्याचा वृक्ष झाला होता आणि पेरणारा विपन्नावस्थेत होता. दार उघडणे ही अर्धी विद्या. आत गेल्यावर आपले पाट-पाणी कोठे, हे ठरवून घेणे ही उरलेली अर्धी.

ही दुसरी विद्या साधणारेही आपल्याकडे निघाले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांनी घरच्या घरी कॅमेरा तयार केला आणि तानीबाई कागलकरांच्या आर्थिक साहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांची ‘सैरंध्री’ पुण्यात मंडईजवळच्या आर्यन सिनेमागृहात १९२० साली झळकली. सदाशिव पेठेतून पायी जाण्याच्या अंतरावर. त्यांच्या तालमीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघे १९२९ साली बाहेर पडले. पैसा त्यांच्याजवळही नव्हता. तेही व्यापाऱ्याच्याच दारी गेले. कोल्हापूरचे सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांच्याकडे. पण त्यांनी सराफाकडून नुसते कर्ज घेतले नाही की आश्रय मागितला नाही. त्यांनी त्याला पाचवा भागीदार केले. चौघांची कला, एकाचा गल्ला, आणि नाव ‘प्रभात’. १९३३ साली ही कंपनी पुण्याला आली. तिच्यातही पुढे मतभेद झाले, माणसे फुटली. पण तोवर ‘संत तुकाराम’सारखी चित्रे निघून गेली होती, आणि ती काढणारे कोणाचे मिंधे नव्हते. त्यांच्या स्टुडिओच्या जागेवर १९६० पासून सरकारी चित्रपटशिक्षण-संस्था नांदते आहे. सदाशिव पेठेतली कॅमेरावेडी मुले तिच्या दारावरून रोज ये-जा करतात.

कलावंताने व्यापाऱ्याच्या दारात जाणे कमीपणाचे, असे मानणारा एक वर्ग आपल्यात पूर्वीपासून आहे. व्यापारी काय, तोही कलावंताला ‘फोटोवाला’ म्हणून मागच्या दाराने आत घेतो. दोघांनाही इतिहास चुकीचा ठरवतो. वाटाण्याच्या रोपाने एका दुकानदाराचे मन हलले नसते, तर मराठी माणसाच्या हातून चित्रपट जन्मला नसता. सराफाने गल्ला उघडला नसता, तर ‘प्रभात’ उजाडली नसती. आणि वाचकहो, आपण फराळाबरोबर चवीने वाचता तो हा दिवाळी अंक तरी कशावर उभा असतो? कथा-कविता पानांच्या मध्ये असतात. पण त्यांच्या आगेमागे जी जाहिरातींची पाने आपण भराभर उलटतो, त्यांनी कागदाचे आणि छपाईचे पैसे चुकते केलेले असतात. ती मिळविण्यासाठी कोणीतरी उन्हातान्हात दुकानांच्या पायऱ्या झिजविलेल्या असतात.

तेव्हा यंदा एखादा मुलगा किंवा मुलगी कॅमेरा घेऊन आपल्या दुकानात आली, तर तिला निदान चार चित्रे दाखवू द्यावीत. त्यांत कदाचित कुंडीतला अंकुर असेल. आणि त्या मुलांनीही एक करावे. खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा होतेच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर कॅमेऱ्याशेजारी एक कोरी वहीही ठेवावी आणि दोहोंवर हळद-कुंकू वाहावे. कोणाचे काम केले, काय ठरले, किती आले, किती यायचे, हे त्या वहीत वर्षभर लिहावे. फाळक्यांच्या कॅमेऱ्याजवळ सारे काही होते. एवढी वहीच तेवढी कमी पडली.